पल्सरचा मागचा टायर केबल टाय लावून घरीच बदलता येईल का?

भांडुपकर_१५०

नमस्कार मंडळी. माझी पल्सर १५०, सिंगल डिस्कवाली. मागचा टायर १००/९०-१७, ट्यूबलेस. टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे टायरची झीज दाखवणाऱ्या पट्ट्या रबराच्या बरोबरीला आल्यात, त्यामुळे आता बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यात पाऊस लागलाय आणि मला रोज जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अंधेरी गाठायची असते. नवा टायर आणून ठेवलाय.

याआधी पुढचा टायर एका दुकानात बदलून घेतला तेव्हा काळ्या अलॉयच्या कडेवर टॉमीचे, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीचे ओरखडे उठले. रोज गाडी पुसताना ते दिसतात आणि जीव हळहळतो. म्हणून या वेळी स्वतःच करायचं मनावर घेतलंय. एका व्हिडिओत बघितलं, टायरला चहूबाजूंनी केबल टाय आवळले आणि तो रिमवर सरळ हाताने बसवला. हे आपल्या गाडीला जमतं का? टाय कोणते घ्यायचे, किती घ्यायचे? माझ्याकडे पाने, पक्कड आणि पायपंप आहे, कंप्रेसर नाही. जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात असल्या फंदात पडू नकोस, पण मला शिकायचंय.

विक्रोळीचा फिटर

जमेल, आणि तुझ्या मापाच्या टायरला चांगलंच जमेल. कारखान्यात जन्म गेला, घरच्या गाड्यांची चाकं मी स्वतःच करतो. फक्त आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव: टाय ताकद लावत नाहीत. काम रिम करते.

टायरच्या आतल्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तार असते. ती ताणली जात नाही, कितीही जोर लाव. मग ती रिमच्या कडेवरून जाते कशी? रिमच्या मधोमध खोलगट जागा असते. बीडची एक बाजू त्या खोलीत उतरली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. कासार बांगडी भरताना अंगठा तळव्यात दुमडायला लावतो, बांगडी मोठी होत नाही, तसंच हे. एरवी आधी एक बीड चढवतात, मग दुसरी, आणि दुसरीच्या वेळी टॉमी मारावी लागते. टायने दोन्ही बीड चिकटवून ठेवल्या की दोन्ही एकदमच खोलीत उतरतात आणि एका फेरीत काम होतं. अलॉयला लोखंड लागत नाही, हाच खरा फायदा.

टाय जाड घे. ७.६ मिमी रुंद आणि साधारण ४०० मिमी लांब. वायरिंगचे ४.८ वाले पातळ टाय साधारण २२ किलोलाच दम तोडतात, ७.६ वाले ५५ किलोपर्यंत धरतात. सहा ते आठ लागतील, दोन-चार जास्तीचे ठेव. लोहार चाळीत पाकीट मिळेल, नाहीतर भांडुप स्टेशनबाहेर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात विचार.

बांधण्याआधी टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघ आणि रिमवर खडूने तसाच बाण काढ. टायरवर रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्वसमोर आला पाहिजे. एक टाय लाव, मग बरोबर त्याच्या समोर दुसरा, मग मधले. एकाच बाजूने आवळत गेलास तर टायर वाकडा होतो. टायचं डोकं बाहेर, नक्षीच्या बाजूला ठेव. आत राहिलं तर रिमला घासेल आणि नंतर ओढून काढताना अडकेल. शेवटचा आवळा पक्कडीने दे, दोन्ही बीड एकमेकींना टेकेपर्यंत.

मग साबणाचं पाणी, सढळ हाताने. भांडी घासायचा द्रव साबण पाण्यात मिसळलास तरी चालेल. बीडला दोन्हीकडून आणि रिमच्या कडेलाही लाव. तेल, ग्रीस, डिझेल अजिबात नको. रबर खराब होतं आणि टायर रिमवर फिरण्याची भीती असते. रिम जुन्या टायरवर आडवी ठेव म्हणजे खालून ओरखडे येणार नाहीत. पुढचं चाक करशील तेव्हा डिस्कच्या बाजूवर कधीच टेकवू नकोस.

आता टायर तिरपा धर, एक बाजू खोलीत ढकल आणि तिथे गुडघा रोवून बस. तो गुडघा शेवटपर्यंत हलला नाही पाहिजे. दोन्ही हातांनी समोरच्या दिशेने दाबत ये. शेवटच्या वीतभर भागात अडेल. तिथे जोर वाढवू नकोस, गुडघ्याखाली बघ. तिथली बीड वर सरकलेली असणार. ती परत खाली दाबली की समोरचं आपोआप घसरतं. बसल्यावर टाय डोक्याजवळ कापायचा आणि डोक्याच्या बाजूने ओढायचा, म्हणजे डोकं बाहेरच राहतं आणि नुसती पट्टी रिममधून सरकत येते.

रबरी व्हॉल्वही याच वेळी नवा घाल. टायरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही, आणि जुना व्हॉल्व मुळाशी चिरला की भररस्त्यात हवा जाते.

स्वाती_मुलुंड

ट्यूबवाल्यांसाठी लिहिते. माझी क्लासिक ३५०, स्पोकची चाकं. पुढचं १९ इंची मी असंच करते आणि मला ही पद्धत ट्यूबसाठी जास्त मोलाची वाटते. घरी टायर बदलताना ट्यूब फुटते ती बहुतेक वेळा टॉमीखाली चिमटून. इथे टॉमी ट्यूबच्या जवळच जात नाही.

ट्यूबला पावडर लावून टायरमध्ये आधीच घालायची. हवा फक्त तिला गोल आकार येईल एवढीच. मग टाय आवळायचे, पण बीडच्या मध्ये ट्यूब डोकावत नाही ना ते बोट फिरवून बघत. व्हॉल्व आधी रिमच्या भोकात घालून नट दोन आटे धरून ठेवायचा आणि सुरुवात तिथूनच करायची. स्पोकवरची रबरी पट्टी सरकली नाही ना, हेही बघा.

साकीनाका पंक्चर

माझं दुकान आहे, तरी सांगतो, घरी करा. फक्त हवेचं आधी ठरवा, कारण लोक अडतात ते तिथे. टाय बांधून ठेवलेल्या टायरच्या भिंती आत दबलेल्या राहतात. बीड रिमपासून लांब असते, मग पायपंपाने कितीही मारा, सगळी हवा बाजूने निघून जाते. ट्यूबलेसला हवा एकदम आणि भरपूर लागते. म्हणून टाय बांधून रात्रभर ठेवू नका. टायर बसला की लगेच कापा, चाक उभं करून जमिनीवर आपटत फिरवा. नक्षीवरून दोरी बांधून काठीने पीळ दिला की भिंती बाहेर फाकतात. बीड हवा धरायला लागली की दोरी काढा.

एवढं करून चाक रिक्षात टाका आणि पेट्रोल पंपावर न्या. व्हॉल्वची पिन काढून हवा सोडायला सांगा, वेगाने भरते. दोनदा फट् असा आवाज येईल, एकेका बाजूचा. मग पिन लावून हवा भरा. ४० पीएसआयपर्यंत बसला नाही तर वर जाऊ नका, हवा सोडून परत साबण लावा. बोटं कडेपासून लांब. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

१४०-१५० रुंदीच्या रेडियलवाल्यांनी मात्र दुकानात यावं. ती भिंत हाताने दाबायला जड जाते.

भांडुपकर_१५०

मनापासून आभार सगळ्यांचे. फिटरकाका, जुना टायर काढतानाही टाय लावायचे का? आणि पावसात ऊन नाही, नवा टायर कडक लागतोय.

विक्रोळीचा फिटर

लावता येतात, पण आधी दोन्ही बाजूंची बीड रिमवरून सुटलेली हवी, आणि ट्यूबलेसमध्ये तेच सगळ्यात अवघड. हवा पूर्ण सोड, सुताराचा सी-क्लॅम्प रिमच्या अगदी लगत लाव आणि थोडं थोडं सरकत आवळत जा. क्लॅम्प नसेल तर ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून तेवढं सोडवून घे, त्यात कमीपणा नाही. मग टाय खोलीतून आरपार घालून आवळ, साबण लाव, गुडघा तसाच, आणि टायर वर ओढ.

ऊन नसेल तर बांधण्याआधी टायर गरम पाण्यात भिजव. हाताला सोसेल इतपतच गरम. आतून कोरडा पुसून घे.

चाक लावताना स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव, चेनची ढील बघ, मागच्या ब्रेकचा रॉड आणि टॉर्क रॉडचा नट लावलाय ना ते हात लावून तपास, आणि पार्किंगमध्येच ब्रेक मारून बघ. नव्या रबराला पहिले दीडशे किलोमीटर पकड कमी असते. तोवर जेव्हीएलआरवरच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पेव्हर ब्लॉकवर गाडी कलवू नकोस.