कम्युनिटी कॉलेजच्या नाटकात माझ्यासारखीला शिरकाव मिळेल का? (बे एरिया)

मिरजकरीण:
मंडळी, क्युपर्टिनोला येऊन सव्वा वर्ष झालं. नवऱ्याची नोकरी, माझा एच-4 (नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो), मुलगी दुसरीत. डी अँझा हे इथलं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. गेल्या आठवड्यात तिथल्या युफ्रॅट म्युझियममध्ये सहज डोकावले. तिकीट नाही, कुणी हटकलं नाही, अर्धा तास एकटीच चित्रं बघत होते. बाहेर पडताना मुलांच्या नृत्याच्या कार्यक्रमाचं पत्रक दिसलं आणि पोटात कालवलं.

कॉलेजात तीन वर्षं एकांकिका केल्यात. मग बँक, लग्न, बाळंतपण, आणि ते सगळं माळ्यावर गेलं. आता एकोणचाळीस पूर्ण. अशा कॉलेजच्या नाटकात बाहेरच्या बाईला घेतात का? की आम्ही नुसतं तिकीट काढून टाळ्याच वाजवायच्या? माझं इंग्रजी बँकेतलं आहे, उच्चार मिरजेचे. शिवाय नणंद म्हणते, ‘कुठे प्रवेश मिळत नाही ती मुलं तिथे जातात, त्यांचं नाटक काय बघायचं!’

पडद्यामागचा:
ताई, नणंदेचं मनावर घेऊ नका. प्रवेश सगळ्यांना खुला आहे हे खरं, पण तुमच्या कामाची गोष्ट नेमकी तीच आहे. तुम्ही ‘बाहेरच्या’ नाहीच. अर्ज भरला की विद्यार्थिनी.

इथली मेख अशी की कॉलेजचं नाटक किंवा कॉयर (समूहगान) हा बहुतेक वेळा एक वर्गच असतो. आधी ऑडिशन, निवड झाली की त्या कोर्सला नाव घालायचं, मग तालमी. आपल्याकडे गॅदरिंग म्हणजे अभ्यास बुडवून करायची गोष्ट, इथे त्याचे युनिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, मिळतात. म्हणूनच कार्यक्रम क्वार्टरच्या (तीनेक महिन्यांच्या सत्राच्या) शेवटी दाटीवाटीने येतात. डिसेंबर, मार्च आणि जूनच्या आगेमागे बघा, एकाच आठवड्यात जॅझ, कॉयर आणि नृत्य.

नाटकासाठी मात्र लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल बघा. डी अँझाच्याच कॉलेज-डिस्ट्रिक्टचं आहे, म्हणजे दोन्हींचा कारभार एकच. तिथे स्मिथविक हे मोठं थिएटर आणि लोहमन हे लहान. माझं ऐकाल तर लहान थिएटरातलं नाटक आधी बघा, नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. (डी अँझाला पूर्वी फ्लिंट सेंटर होतं, 1971 सालचं, साधारण 2,400 खुर्च्यांचं. 24 जानेवारी 1984 ला स्टीव्ह जॉब्सने मॅकिंटॉश पिशवीतून काढून दाखवला तो तिथे. 2019 मध्ये ते बंद झालं. मला त्या वास्तूचं फार प्रेम नव्हतं, मागच्या रांगेतून माणसं मुंग्यांएवढी दिसायची.)

आता माझं. बावन्नाव्या वर्षी लेऑफ मिळाला, घरात बसवेना. एका कॉलेजात (नाव राहू दे) ‘स्टेजक्राफ्ट’ला, म्हणजे नेपथ्य उभारायच्या वर्गाला, नाव घातलं. अभिनयाचा आणि माझा संबंध फक्त प्रेक्षक म्हणून. पहिल्या दिवशी एकोणीस वर्षांच्या पोरीने हातात ड्रिल दिलं आणि विचारलं, ‘कधी चालवलंय?’ अठ्ठावीस वर्षं चिप डिझाइन केलेला माणूस मी, मान खाली घालून ‘नाही’ म्हणालो.

लाकडी चौकटीवर मांजरपाटासारखं कापड ताणून ठोकतात, त्याला फ्लॅट म्हणतात. कापडावर आधी पातळ केलेला डिंक फासायचा, म्हणजे वाळताना ते आक्रसून ढोलाच्या चामड्यासारखं ताठ होतं. त्या दिवशी त्या डिंकाच्या वासाने मी थेट कुपवाडला. आमचे थोरले काका जत्रेतल्या कंपनीचे पडदे रंगवायचे, अंगणात हीच खळ शिजायची. विटांची भिंत करायची होती. पोरं एकेक वीट ब्रशने काढत बसली. मी काकांची युक्ती वापरली. स्पंज विटेच्या आकाराचा कापला, तीन रंगांत बुडवून ठसे मारले, वर ब्रश झटकून शिंतोडे उडवले. दुपारपर्यंत भिंत उभी. पुढची तीन नाटकं माझं नाव ‘ब्रिक अंकल’. तेव्हा उच्चारांचं सोडा. आमच्या वर्गात व्हिएतनामी, मेक्सिकन, इराणी, सगळे आपापल्या इंग्रजीत बोलायचे. आणि ऑडिशनला धाकधूक वाटत असेल तर मागच्या दाराने या, मी तसाच आलो.

दोन_तंबोरे:
वरचं सगळं पटलं, फक्त पैशांचं राहिलं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना या दोन्ही कॉलेजांत क्वार्टर युनिटला 31 डॉलर, वर किरकोळ फिया. रहिवासी नसाल तर कितीतरी पट. एच-4 वर रहिवासी ठरता येतं, फक्त क्वार्टर सुरू व्हायच्या आधी इथे वर्ष पुरं झालेलं आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसायला हवा. घराचा करार, लायसन्स, टॅक्स रिटर्न जपून ठेवा.

आणि एक कुरकुर. मी कॉयरमध्ये होते. 2013 पासून राज्याचा नियम असा की एकाच प्रकारचे कोर्स चारदाच घेता येतात. आमच्यातल्या पंचाहत्तरीच्या आजी, सूर असा पक्का की पियानो आपला मिळवून घ्यावा, चार झाले म्हणून बाहेर. हौशी माणसाने तेच तेच करत राहायचं नाही म्हणे! अहो, रियाज म्हणजे दुसरं काय असतं? तेव्हा तुमचे चार जपून वापरा.

अरंगेत्रमची_आई:
थोडं विषयांतर. फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजचं जॅक्सन थिएटर भाड्याने मिळतं, आपल्या पोरींची अरंगेत्रमं (भरतनाट्यमचे पहिले जाहीर एकल प्रयोग) तिथे होतात. पण ते फक्त भाडं. कॉलेजशी ओळख होते ती वर्गातूनच.

मिरजकरीण:
सगळ्यांचे आभार. आमचा करार सापडला, नवऱ्याच्या नावावर आहे, माझं नाव खाली ‘ऑक्युपंट’ म्हणून. प्रवेशाच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, चालेल, जोडीला टॅक्स रिटर्न आणा.

काल मुलांच्या छोट्या नाटुकल्यांचा प्रयोग बघून आले. प्रेक्षक मोजले, तेवीस. दुसऱ्या नाटुकल्यात दार अडकलं. नायकाला आत येता येईना, तो बाहेरूनच संवाद म्हणायला लागला आणि आतल्या मुलीने काही घडलंच नाही अशा थाटात खिडकी उघडून त्याच्या हातात चहाचा कप दिला. मी इतकी मोठ्याने हसले की पुढचे तिघे वळून बघायला लागले.

ब्रिक अंकल, स्टेजक्राफ्टला नाव घातलं. जुने कपडे आणायला सांगितलेत. डिंक निघतो का हो धुतल्यावर?

पडद्यामागचा:
नाही.