शब्दचर्चा : नव्याचा सण

प्रश्न : एका जुन्या पत्रात 'नव्याच्या सणाला सगळे अलिबागेत जमलो' असं वाक्य आहे. पत्र लिहिणारं कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. हा पाडवा म्हणायचा की नवान्न?

उत्तर : दोन्ही नाही. ज्यूंच्या तिश्री महिन्याची पहिली तारीख, म्हणजे रोश हशाना, त्यांचं नवं वर्ष. कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्याला 'नव्याचा सण' हे मराठी नाव दिलं. पण नवान्नाची शंका तुम्हाला आली ती उगाच नाही. कोकणात 'नवं' म्हणजे नुसतं नवीन नव्हे, नवं भात. दारावर भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूची फुलं बांधतात त्यालाही 'नवं'च म्हणतात. तिश्री बऱ्याच वर्षी आपल्या आश्विनाबरोबरच लागतो, तेव्हा हळवं भात कापणीला आलेलं असतं. नव्यापाठोपाठ 'खिरीचा सण' येई : नव्या दाण्याची खीर नारळाच्या रसात शिजवायची, ऊद जाळायचा आणि शेमा ही ज्यूंची प्रार्थना म्हणायची. त्यामुळे मला तरी या शब्दात वर्ष आणि पीक दोन्ही ऐकू येतात.

आमच्या शेजारच्या आजी नव्याला चिकाचा हलवा करायच्या. गव्हाचा चीक, साखर, नारळाचा रस. दूध नाही, कारण मटणाच्या जेवणाबरोबर दुधाचं त्यांना चालत नाही. तासन्‌तास ढवळायचा, थांबलं की बुडाला धरतो. शेवटी ताटात ओतून वर बदामाचे काप. वड्या पडायच्या आधीच आम्ही पोरं दारात उभी!

प्रश्न : त्याच पत्रात पुढे 'दारफाळणी झाली की मुंबईस निघू' असं आहे. हे काय?

उत्तर : दारफाळणीचा सण म्हणजे ज्यूंचा योम किप्पूर, तिश्रीच्या दहाव्या तिथीला. २०२४ला १२ ऑक्टोबरला आणि २०२५ला २ ऑक्टोबरला, असा लागोपाठ दोन वर्षं दसऱ्याच्याच दिवशी आला. इथे वाटणीचा अर्थ लावू नका, दार बंद करणं हा अर्थ आहे. पांढरे कपडे घालून, दार लावून, दिवसभर घरात कडक उपास. उपासाला शब्द मात्र 'रोजा'. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' : दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं.

मला यातलं फार आवडतं ते वेगळंच. किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव नेईला, त्याचाही अर्थ दार लावणं. वर्षाचा निवाडा त्या घटकेला पक्का होतो, म्हणून दार लागायच्या आत मनापासून मागून घ्यायचं. आणि मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेल्या पहिल्या प्रार्थनालयाचं नाव शार हाराहामीम, म्हणजे दयेचं दार. लोकांच्या तोंडी ती 'जुनी मशीद'. पुण्यात ज्यूंच्या अशाच एका प्रार्थनालयाला 'लाल देऊळ' म्हणतात.

प्रश्न : मग आज मराठीत लिहिताना 'ज्यू नववर्ष' लिहावं की 'नव्याचा सण'?

उत्तर : जगभरच्या ज्यूंविषयी लिहिताना रोश हशाना. अलिबागच्या इस्राएल आळीविषयी, किंवा तिथून इस्रायलमधल्या दिमोना-अश्दोदला गेलेल्या माणसांविषयी लिहिताना 'नव्याचा सण'च लिहा, अवतरणचिन्हं न घालता. शुभेच्छा 'शाना तोवा', चांगलं वर्ष. पूर्ण रूपात 'चांगल्या वर्षासाठी तुमचं नाव लिहिलं जावो'.

आजींची मुलगी तिकडे गेली त्याला किती वर्षं झाली! आजी फोनवर एवढंच विचारायच्या, ''नव्याला चीक गाळलास ना गं?''