आपोआप अपडेट बंदच ठेवावं, माझं स्पष्ट मत

हिशोबनीस:
गेल्या आठवड्यात लॅपटॉपनं रात्रीतून विंडोजचं मोठं अपडेट घेतलं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला निघालो. ९६ टक्के चार्ज, झाकण बंद, बॅगेत. पुण्यात बॅग उघडली तर आत भट्टी, पंखा घरघरतोय, बॅटरी ११ टक्के. चादरींच्या पार्टीसमोर नमुने काढायचे सोडून आधी प्लग शोधत फिरलो. झाकण मिटलं की हायबरनेट, म्हणजे मशीन पूर्ण बंद, असं मी दोन वर्षांपूर्वीच सेट केलेलं. अपडेटनं ते न विचारता स्लीपवर, म्हणजे नुसत्या डुलकीवर आणलं. म्हणून म्हणतो, बंद करून टाका.

सात_रस्ता:
आधी बॅटरीचं वय सांगा की मालक. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, आणि तुम्ही मागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर १०० टक्क्यांवर चार्जिंगला लावून ठेवणार. उष्णता आणि कायम भरलेली बॅटरी, लिथियम-आयनला एवढं पुरतं. उगं अपडेटवर खापर. ‘पॉवरसीएफजी’ कमांडनं बॅटरी रिपोर्ट काढा, मग बोलू.

हिशोबनीस:
काढला. डिझाइन कॅपॅसिटी, म्हणजे नवी असतानाची क्षमता, ४१,००० मिलिवॉट-तास, आता फुल चार्ज ३६,२००. म्हणजे ८८ टक्के शाबूत. बोला आता.

कडक_भाकरी:
मग गोम स्लीपमध्येच आहे. जुन्या एस३ स्लीपमध्ये जवळपास फक्त रॅमला (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) वीज मिळायची, बाकी सगळं गप्प. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये एस३ नसतंच, तिथं मॉडर्न स्टँडबाय असतं. मोबाईलसारखं, पडदा काळा पण आत जाग. एखादा ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) अडून बसला की बॅगेतच तापतं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं आणि मशीन खरंच बंद होतं, म्हणून तुम्हाला इतके दिवस त्रास नव्हता. ‘स्लीपस्टडी’ रिपोर्ट काढा, कुणी जागं ठेवलं ते त्यात दिसतं.
पण अपडेट बंद करायचं म्हणाल तर अजिबात पटत नाही. माझ्या मेव्हण्याच्या दुकानात अजून विंडोज १० आहे. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हा गडी त्याच्यावरच बँक अन् जीएसटी करतो. शटर अर्धं उघडं ठेवून जेवायला गेल्यासारखं आहे ते.

हिशोबनीस:
सुरक्षेचं अपडेट द्या, कोण नको म्हणतंय? झाकणाच्या सेटिंगचा आणि सुरक्षेचा काय संबंध? आणि मी चादरींचा हिशोब करणारा माणूस, मला एस३ कळलंच पाहिजे का बे?

सात_रस्ता:
बॅटरीचं माझं चुकलं, कबूल. पण अपडेट काही आठवडे पुढं ढकलायची सोय आहे की तिथंच. प्रवासाच्या आदल्या रात्री कशाला होऊ द्यायचं?

हिशोबनीस:
रात्री एक वाजता झालंय ते, मी झोपलो होतो.
स्लीपस्टडी बघितली. जागं ठेवणाऱ्यांत वाय-फाय सगळ्यात वर. हायबरनेट परत लावलंय. शनिवारी पुन्हा हुतात्मा आहे, चार्जर हातातच घेऊन बसणार.