शब्दचर्चा : ‘निवासी युनिट मर्यादा’ मराठीत कशी लिहावी?

बार्देशकर : ग्रामसभेसाठी ठराव लिहिते आहे. गोव्यातल्या आमच्या गावात पुढच्या वीस वर्षांत जास्तीत जास्त किती घरं होऊ द्यायची, तो आकडा गावाच्या जमीनवापर आराखड्यात घालायची मागणी आहे. ‘युनिट’ला काय लिहू? एकक, गाळा, सदनिका की सरळ घर?

फोंडेकर : ‘एकक’ नको, मीटर-लिटर ही एककं. ‘गाळा’ महाराष्ट्रातल्या कागदांत राहण्याच्या जागेलाही चालतो, पण गोव्यात गाळा म्हटलं की दुकानच समोर येतं. ‘सदनिका’ लिहिलंत तर व्हिला आणि रो-हाउस अलगद सुटतील, आणि तुमच्याकडे डोंगरउतार खातात ते तेच.

सासष्टीकर : मग ‘घर’ लिहा.

तिसवाडीकर : ‘घर’ उत्तम, पण व्याख्येसकट. पंचायतीच्या घर क्रमांकावरून मोजू नका. वडिलोपार्जित घरात तीन भावांनी वेगळ्या चुली मांडल्या तरी क्रमांक एकच असू शकतो, नव्या इमारतीत मात्र फ्लॅटगणिक क्रमांक. शिवाय घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरत नाही. जनगणनेत घर ओळखतात वेगळ्या प्रवेशावरून आणि कुटुंब ओळखतात सामाईक स्वयंपाकावरून. दोन्ही एकत्र करा : ‘स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली राहण्याची जागा म्हणजे एक घर.’ तीन चुलींचं घर मग कागदावर एक की तीन, हा वाद मिटतो.

बार्देशकर : एफएआर (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) आहेच की. मग संख्येची वेगळी मर्यादा लागते का?

तिसवाडीकर : लागते, ताई. एफएआर चौरस मीटर मोजतो, घरं मोजत नाही. गोव्यात तो टक्क्यांत बोलतात, महाराष्ट्रात 1.1 असा लिहितात, म्हणून तिकडचा मजकूर उचलताना सांभाळा. 1000 चौ.मी. भूखंडावर एफएआर 60 म्हणजे 600 चौ.मी. बांधकाम. सूट मिळणारे भाग बाजूला ठेवले, तर त्यात 50 चौ.मी.चे 12 फ्लॅट बसतात किंवा 200 चौ.मी.चे 3 व्हिला. एफएआर तोच, पण हेक्टरी घरं एकदा 120 आणि एकदा 30. म्हणून ठरावात नुसतं ‘घनता’ लिहू नका. लोकसंख्येची घनता की घरांची, ते स्पष्ट हवं.

उलट बाजूही बघा. हेक्टरी 40 घरांची मर्यादा घातली तर त्याच भूखंडावर 4 घरं होतील आणि बिल्डर ती प्रत्येकी 150 चौ.मी.ची करील. गावातल्या नव्या जोडप्याला परवडणारं छोटं घर सगळ्यांत आधी नाहीसं होईल. लहान घर मोजताना अर्धं धरायची सोय ठरावातच मागा. मला ही तरतूद आकड्याहूनही महत्त्वाची वाटते.

पेडणेकर : ‘मर्यादा’ आणि ‘कोटा’ यांतही फरक ठेवा. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा शहराने 1972 साली वर्षाला 500 घरांची अट घातली आणि 1975 साली अपील न्यायालयाने ती उचलून धरली. तो वार्षिक कोटा, पाच किंवा अधिक घरांच्या प्रकल्पांना लागू. कोट्याने वेग आवरतो, एकूण आकडा ठरत नाही. तुम्हाला हवी ती ‘कमाल संख्या’.

सासष्टीकर : ‘वहनक्षमता’, म्हणजे गावाला किती घरं झेपतील ते, कुठे बसते?

तिसवाडीकर : वहनक्षमता आधी काढायची, कमाल संख्या त्यावरून ठरवायची. पाणी, रस्ता, मैला, कचरा यांतलं जे सगळ्यांत कमी घरांना पुरतं, ते आकडा ठरवतं. मलनिस्सारण वाहिनी नसलेल्या गावात बहुधा मैलाच ठरवतो. जांभा दगडाच्या भेगांतून सोकपिटाचं (सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचं) पाणी शेजारच्या विहिरीत उतरतं, मग नळाला पाणी कितीही येवो.

मोजणीचा क्रम असा ठेवा. आधी उभी घरं, मग परवाना मिळालेली पण न बांधलेली, मग वसाहत विभागातली, म्हणजे आराखड्यात घरांसाठी ठेवलेली, रिकामी जमीन. तिच्यातून खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल जमीन), सीआरझेड (किनाऱ्यालगतचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) आणि 25 टक्क्यांहून जास्त उतार वजा करा. दुसरा टप्पा नेहमी राहून जातो, आणि जागा शिल्लक दिसते तिथे परवाने आधीच वाटलेले असतात. बंद असलेली आणि पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं उभ्या घरांतच धरा. वर्षभर कुलूप असलं तरी त्या घराचा पाण्याचा जोड आणि सेप्टिक टाकी तिथेच असते.

फोंडेकर : मोजणीसाठी धरलेलं जमिनीचं क्षेत्रही गोठवा. 2024 साली गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात आलेल्या 39अ कलमाने जमिनीचा विभाग बदलायची सोय केली. ‘हेक्टरी इतकी’ एवढंच लिहिलं तर वसाहत विभाग वाढेल तशी घरंही आपोआप वाढतील. गावाचा एकूण आकडाच लिहा.

बार्देशकर : असं चालेल का? ‘गावातील घरांची एकूण कमाल संख्या वहनक्षमता अभ्यासानंतर निश्चित करावी. विभाग बदलल्याने ती वाढू नये. 50 चौ.मी.पर्यंतचे घर अर्धे धरावे.’

पेडणेकर : चालेल. एक वाक्य जोडा : ‘मोजणी बांधकाम परवान्याच्या वेळी व्हावी आणि इमारतीच्या सुधारित आराखड्यात घरांची संख्या वाढल्यास ती पुन्हा व्हावी.’ सहा घरांचा परवाना घेऊन आतल्या भिंती हलवत बारा करतात, ते इथेच अडवता येईल.