आईच्या गुडघ्यासाठी एक्सरे पुरेल की एमआरआयच करावा?

विडीघरकुलची_लेक:
आई ६३ वर्षांची. सारा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेला. आता जमिनीवरून उठायचं तर खाटेला धरावं लागतं. झोपवून एक्सरे काढला, 'थोडी झीज आहे' एवढंच सांगितलं. उजवा गुडघा सुजतो, मागे हाताला गोळा लागतो. शेजारीपाजारी एमआरआयच्या मागे लागलेत, कोणी सोनोग्राफी म्हणतं. पैसे उभे करीन, पण त्यानं उपचारात फरक पडणार असेल तरच.

सातरस्ता:
एमआरआयच करा. एक्सऱ्यात नुसती हाडं दिसतात, गादी कुठं दिसते? दोनदा खर्च कशाला.

काळी_फिल्म:
ताई, एक्सरे रूममध्येच माझे केस पिकले, म्हणून सांगतो. आधी उभं राहून एक्सरे काढा, दोन्ही गुडघ्यांचा. आडवं झालं की गुडघ्यावर भार राहत नाही, मग हाडांमधली फट आहे त्याहून मोठी दिसते. तुमची 'थोडी झीज' उभ्या फिल्मवर बरीच निघू शकते. जिना उतरताना जास्त दुखत असेल तर वाटीचा स्कायलाइन व्ह्यूही घ्या, म्हणजे गुडघा वाकवून वाटीमागची फट दाखवणारी फिल्म.

सातरस्ता म्हणतात ते खरं, गादी थेट दिसत नाही. पण किती फट उरली आणि हाड कुठं वाढलं, यावरून अंदाज येतो. झीज किती हे सांगणारी केल्ग्रेन-लॉरेन्सची ० (झीज नाही) ते ४ (फार झीज) ही ग्रेड १९५७ची आहे, डॉक्टर अजून तीच लिहितात.

एमआरआयमध्ये गादी, मेनिस्कस (दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती), हाडातली सूज, सगळं दिसतं. या वयात तीच पंचाईत होते बघा. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला पन्नाशीपुढच्या लोकांचे एमआरआय काढले होते, २००८ मध्ये ते छापून आलं. मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिन्यात दुखलाच नव्हता! रिपोर्टात 'टिअर' वाचून घाबरलेली माणसं मी रोज बघतो. गुडघा मध्येच अडकत असेल, मुरगळल्यावर दुखणं सुरू झालं असेल, किंवा एक्सरे चांगला असून दुखणं फार असेल, तर मात्र एमआरआयला अर्थ आहे.

मागचा गोळा बहुतेक बेकर्स सिस्ट, म्हणजे गुडघ्यामागे साठलेल्या पाण्याची पिशवी असेल. तो आणि सांध्यातलं पाणी सोनोग्राफीत चटकन कळतं. हाडाच्या आड मात्र ती जात नाही, त्यामुळे झीज किती हे तिला विचारू नका. आणि पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सिस्ट फुटली की शिरेत रक्ताची गाठ झाली, हे नुसतं बघून कळत नाही.

विडीघरकुलची_लेक:
उभा एक्सरे पाहिजे, हे आपण सांगायचं का तिथं?

काळी_फिल्म:
हो की! डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच 'दोन्ही गुडघे, उभं राहून' लिहून घ्या, गर्दीत कोणी विचारत बसत नाही. जुनी फिल्मही न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि आईच्या साडीची पिन गुडघ्यापाशी नको, फिल्मवर पांढरी उमटते.