मांस नको सांगितलं तरी रस्सा तोच असतो
जपानी हॉटेलात 'टोफू रामेन (रश्श्यातल्या नूडल्स) मागवा, वरचं मांस काढायला सांगा, झालं शाकाहारी' हे मत मला अजिबात पटत नाही. प्रश्न वरच्या तुकड्यांचा नाहीच, रश्श्याचा आहे. रामेनचा रस्सा बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. उदोन-सोबा या दुसऱ्या जपानी नूडल्सच्या रश्श्याला 'दाशी' (रश्श्याचं मूळ चवदार पाणी) लागते, ती सहसा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस यांची. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपमध्ये आणि टेम्पुराबरोबरच्या (जपानी भजी) पातळ सॉसमध्येही बहुतेक तीच. शिवाय रामेनच्या काही नूडल्समध्ये अंडं असतं.

सोलापुरात घरोघरी माळकरी माणसं आहेत, म्हणून हे पोटतिडकीने लिहितेय. आमच्या सासूबाईंना घेऊन पुण्यात एका जपानी हॉटेलात गेलो तेव्हा मेनूवर हिरवा ठिपका होता, तरी मी वेटरला विचारलं, "रस्सा कशाचा?" तो आत जाऊन आला आणि म्हणाला, माशाची पावडर आहे. मग परतलेले उदोन फक्त सोया सॉस, तीळतेल आणि भाज्या घालून, वेगळ्या कढईत करून घेतले. सासूबाईंनी आवडीने खाल्ले.

माशाशिवाय चव येत नाही, हेही खरं नाही. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी ती चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं ते कोम्बूमधूनच. जपानी बौद्ध मठांतल्या जेवणात कोम्बू आणि सुक्या शिताके मशरूमचीच दाशी असते. घरी करायची तर दोन्ही रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवा, मग ते पाणी तापवा आणि उकळी फुटायच्या आत कोम्बू काढून घ्या.