मुलं शाळेत न घालता घरीच शिकवतोय. यात गावाचं नुकसान आहे का?

काळी माती (राळेगाव, जि. यवतमाळ)

आम्ही नवरा-बायको दोघंही शेती करतो. मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. दोघांचंही नाव कुठल्याच शाळेत नाही, घरीच शिकवतो. आजवर लोक विचारायचे, 'पोरं काही शिकतात का?' आता गावातून वेगळाच सूर निघतोय: तुमच्यासारख्या शिकलेल्यांनीच पोरं घरी ठेवली तर आपल्या शाळेचा पट कसा टिकेल? हा प्रश्न मला टोचला म्हणून इथं मांडते. पण आधी आमचं कसं चालतं ते सांगते, कारण घरी शिकवणं म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ लावून देणं असं पुष्कळांना वाटतं.

आमचा अभ्यास हंगामाप्रमाणे चालतो. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, कामगंध सापळे लावलेत; मादीच्या वासानं नर पतंग त्यात येऊन अडकतात. त्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग रोज सकाळी मोजायचं काम मुलीकडं आहे. सलग तीन रात्री एका सापळ्यात ८ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले की फवारणीचं बघायचं, हे तिला कळलं आणि तिनं वहीत आलेख काढायला सुरुवात केली. डोमकळी, म्हणजे बोंडअळी लागलेलं फूल, ती आता मोठ्या माणसांना ओळखून दाखवते. फूल उमलत नाही, पाकळ्या टोकाशी पिळून एकमेकींना चिकटलेल्या असतात. नखानं सोडवल्या की आत बारीक पांढुरकी अळी. तिनं ती डबीत ठेवली, रोज ताजी बोंडं घातली, आणि अळी मोठी होताना गुलाबी पडते हे स्वतः पाहिलं.

वेचणीच्या दिवसांत गणित. निंबाच्या फांदीला ताणकाटा टांगतो. बायांची गाठोडी एकेक करून लागतात, मुलगी वजन वाचते, मुलगा लिहितो. मजुरी किलोला ९ रुपये. एका काकूंचा कापूस भरला ३७ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे ३३६ रुपये ६० पैसे. मुलीनं ३३६ लिहिले. काकू म्हणाल्या, "अन् माहे साठ पैसे?" त्या संध्याकाळी मुलीनं आपणहून बसून हिशेब मांडला: रोज प्रत्येकीचे पैसे खालीच ओढले तर हंगामभरात कुणाच्या पदराचे किती जातात. दुसऱ्या दिवसापासून पन्नास पैशांच्या वर गेलं की पुढचा रुपया.

वाचन, लेखन, इंग्रजी माझ्याकडं. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा आहे. १४ वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, मराठीतूनही देता येते. त्यामुळं पुढची वाट बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय हे मला माहीत आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात कुठेही नाही.

माझी मुलं शिकतात, याची मला खात्री आहे. प्रश्न गावाचा आहे. त्यावर बोला.

झेडपीचा मास्तर (जि. वाशिम)

ताई, तुमची मुलगी शिकते याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. साठ पैशांचा धडा माझ्या वर्गात घेईन. पण तुम्ही गावाचं विचारलंत, तर स्पष्ट सांगतो: नुकसान आहे.

शाळेत किती शिक्षक राहणार हे संचमान्यतेत, म्हणजे सरकार शिक्षकांची पदं मंजूर करतं तेव्हा, पटावरून ठरतं. लहान गावात दोन लेकरं इकडची तिकडं झाली तरी एक पद हलू शकतं. २०२३ पासून २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करण्याची चर्चा सुरू आहे. गावातली शाळा उठून चार-पाच किलोमीटरवर गेली की आधी कोण थांबतं? मुली. आणि ज्यांच्या घरी दुचाकी नाही त्यांची पोरं.

दुसरी गोष्ट मला पटापेक्षाही मोठी वाटते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, समितीत निम्म्या महिला असतात. माझ्या समितीतल्या बऱ्याच आया सही करतात आणि उठतात, कारण मजुरी बुडते. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, शौचालयाचं पाणी का बंद, हे विचारणारी बाई मला हवी आहे. ती बाई तुम्ही आहात. पण तुमचं मूल पटावर नाही, त्यामुळं पालक म्हणून तुम्हाला त्या खुर्चीत बसता येत नाही.

पऱ्हाटीवाला (अकोट)

गुरुजी, तुमचं दुःख समजते. पन पट वाचवाची जबाबदारी लेकरायच्या डोक्यावर काऊन? आमच्या इथं दोन मास्तर. एक निवडनुकीच्या कामात, दुसरा दिवसभर ऑनलाइन माहिती भरून राह्यला. चार वर्ग एका खोलीत. माह्यं पोरगं पाचवीत गेलं, अजून त्याले हातच्याची वजाबाकी येत नाई. ह्या बाईच्या पोरीले दशांशाचा हिशेब येते. ज्याले जमते त्यानं जरूर घरी शिकवावं. माह्याच्यानं होत नाई, आमी दोघंबी मजुरीले जातो.

काळी माती

@झेडपीचा मास्तर: गुरुजी, एक सांगा. सकाळी आमच्या गावातून पिवळी गाडी भरून पोरं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. त्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्यांचीही मुलं आहेत. त्या घरांना पटाचा जाब कुणी विचारत नाही. पैसे भरून गाव सोडलं तर ती प्रगती, आणि मी गावातच, मातीतच शिकवलं तर मी शाळा बुडवते? हा न्याय मला मान्य नाही.

झेडपीचा मास्तर

बरोबर आहे, त्यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा. माझी दोन्ही मुलं मी शिकवतो त्याच शाळेत आहेत, म्हणून मी विचारू शकतो. पण त्यांचं चुकतं म्हणून तुमच्यामुळं होणारं गावाचं नुकसान भरून निघत नाही.

चरखा आणि पाटी (सेवाग्राम परिसर)

अशा चर्चेत कुणीतरी नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा, दाखला देतंच, तो येण्याआधी मीच देतो, कारण तो बहुतेक वेळा उलटा वापरला जातो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि हातकामातून, मातृभाषेतून, सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण अशी योजना पुढं आली. काळी माती यांची वही वाचली की हीच योजना डोळ्यांसमोर येते. टकळीवर सूत काढता काढता गणित शिकायचं, त्यांच्याकडं ताणकाट्यावर शिकतात.

पण गांधीजींनी त्यासाठी शाळा उभी केली. वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या घरांची मुलं एका ओळीत बसून सूत कातत, संडास साफ करत, एकत्र जेवत. हातकाम हा त्यातला अर्धा भाग. उरलेला अर्धा त्या ओळीत होता, आणि तो घरी होऊच शकत नाही. तुमच्या अंगणात तुमचीच दोन मुलं. वजन लिहून घेणारी तुमची मुलगी आणि गाठोडं आणणाऱ्या काकूंची मुलगी एका बाकावर कधी बसतात?

आणखी एक. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी स्वतःच्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवलं. मुलांना त्याबद्दल तक्रार राहिली हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. थोरल्या हरिलालच्या मनातली ती खंत तर सर्वांना ठाऊक आहे. घरी शिकवणारा बाप त्यांच्याएवढा असला तरी मुलाच्या मनात काय साठतं ते बापाला दिसेलच असं नाही.

रानबोर (आर्णी)

मी सहसा लिहीत नाही, वाचते. आज लिहिते.

पाचवीनंतर मला घरी ठेवलं. वेचणी सुरू झाली होती आणि लहान भावाला धरायला कुणी नव्हतं, एवढंच कारण. दिवाळीनंतर जाशील म्हणाले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, मग नावच कमी झालं. मीही शेतातच होते ताई. डोमकळी मलाही ओळखता येते. गाठोड्याचं वजन हातानं उचलून सांगते, अर्ध्या किलोचा फरक पडत नाही. त्याला कुणी शिक्षण म्हटलं नाही.

माझी मुलगी आता आठवीत आहे. मानव विकासच्या, म्हणजे सरकारनं मुलींच्या शाळेसाठी सुरू केलेल्या, निळ्या एस.टी.नं तालुक्याला जाते. सासरे रोज काहीतरी काढतात. आमच्याही भागात एक शिकलेलं घर आहे, पोरं घरीच ठेवतात. सासऱ्यांना ते कळलं आणि त्या दिवसापासून एकच पालुपद: "मास्तरीन व्हाच्या लायकीची बाई आपल्या पोरीले घरी ठेवते, अन् आपन काऊन धाडतो?" तुम्ही घरी का ठेवता आणि ते का ठेवू बघतात, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक मला दिसतो, सासऱ्यांना नाही दिसत. किंवा दिसतो आणि सोयीचा नाही.

त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं एकच वाक्य आहे, 'शाळा सक्तीची आहे.' नवऱ्याला सांगते, सासूला सांगते, तेच सांगते. गावातलं प्रतिष्ठित घर ती सक्ती मोडून सुखानं राहतं, तेव्हा माझ्या हातातलं ते वाक्य हलकं होतं. तुम्हाला शिक्षा होत नाही हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय. ते सासऱ्यांनी वाचू नये अशी माझी इच्छा आहे.

काळी माती

@रानबोर: ताई, शिक्षा नाही हे मी अभिमानानं लिहिलं नाही, आम्ही चोरून काही करत नाही एवढंच सांगायचं होतं. बाकी तुमचं म्हणणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. सक्ती ही मुलीची ढाल असते, हे मला पूर्ण मान्य आहे. ती काढून टाका असं मी कुठेही म्हणत नाही.

तरीही माझी मुलगी मी शाळेत का घालत नाही, याचं कारण बदलत नाही. तिला आठ दिवस एकाच अळीमागं लागायला मिळतं. प्रश्न पडला की तो संपेपर्यंत तिला कुणी उठवत नाही. तास संपल्याची घंटा तिच्या विचाराच्या आड येऊ नये, हे मला जिवापाड वाटतं. दुसऱ्याचे सासरे काय निमित्त काढतील यासाठी तिचं हे काढून घेणं मला जमणार नाही. पण तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसांशी बोलायची जबाबदारी माझी आहे, हे मी घेते. ग्रामसभेत उभं राहून सांगेन की माझी मुलगी रोज चार तास वाचते-लिहिते, वेचणी करत नाही, आणि जिला वेचणीसाठी घरी ठेवलंय तिच्यासाठी माझं उदाहरण कुणी द्यायचं नाही.

तांड्यावरचा (पुसद)

एक व्यवहाराची गोष्ट कुणी काढली नाही. माझे आजोबा दुसरीपर्यंत शिकले. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची एक ओळ आहे: नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. शाई फिकी पडलीय, पानाचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. त्या एका ओळीवर माझी व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, झाली, कारण विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. ओबीसींसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७. आमच्याकडं ना सातबारा होता ना घराचा कागद. शाळा होती. आजोबांना दुसरीत काय आलं मला माहीत नाही, पण त्यांचं नाव लागलं म्हणून मी इंजिनिअर झालो.

शिवाय आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती, वर्षाला १२,००० रुपये, ती सरकारी-अनुदानित शाळेतल्याच मुलांना. नवोदय या केंद्राच्या निवासी शाळेतल्या ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली लागते. हे सगळं तुम्ही सोडताय, आणि निर्णय मुलांना विचारून झालेला नाही.

काळी माती

@तांड्यावरचा: नवऱ्याची व्हॅलिडिटी झालेली आहे, त्यामुळं मुलांचं अडणार नाही. पण तुमचं म्हणणं खरं आहे, ज्यांच्या घरात हा पहिलाच कागद असेल त्यांनी आमच्यासारखं करू नये. शिष्यवृत्ती आणि नवोदयचं आम्ही जाणून सोडलंय.

झेडपीचा मास्तर

'आमच्यासारखं करू नये' हेच तर मी सुरुवातीपासून म्हणतोय. ज्याला परवडतं त्याचाच हा रस्ता असेल, तर तो गावाचा रस्ता नाही.

घंटेबद्दलही बोलतो. शाळेत असं होत नाही हे तुम्ही गृहीत धरलंय. आम्ही शाळेच्या आवारात पर्जन्यमापक लावलाय. सातवीची पोरं रोज सकाळी साडेआठला नोंद घेतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. एका रात्री आमच्या शिवारात धो धो कोसळला, आमच्या नोंदीत आकडा ६५ च्या वर, आणि दूर असलेल्या महसूल मंडळाच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रावर बराच कमी. भरपाई त्या केंद्राच्या आकड्यावर ठरते. पोरांनी वही घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवली. भरपाई मिळाली नाही, पण ठराव झाला. ही पोरं तांड्यावरची, टोलीवरची, पाटलाच्या वाड्यातली, सगळी एकत्र होती, म्हणून सभेनं ऐकलं. एकट्या घरची वही असती तर 'त्या बाईच्या पोरीचं' म्हणून सोडून दिली असती.

तुमच्या मुलीला वयानुसार थेट पाचवीत प्रवेश मिळतो, कायद्याच्या कलम ४ मध्येच तशी सोय आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तोवर विचार करा.

काळी माती

विचार करेन, नाव घालेन असं म्हणत नाही. सापळ्यांच्या नोंदी मात्र गावच्या शाळेतल्या मुलांबरोबर करायला आम्ही तयार आहोत. सापळे आमचे, वही सगळ्यांची. आमच्या गुरुजींशी उद्याच बोलते.

रानबोर

ते कराच. पण सापळे सकाळी मोजतात, त्या वेळेला वेचणीवर जाणाऱ्या पोरी निघून गेलेल्या असतात. त्या येणारच नाहीत, जिथं तिथं मागं राहतात तशा. तुम्ही वजन-मजुरीच्या हिशेबाचाही वर्ग ठेवा, आणि तो संध्याकाळी सातनंतर. तोवर चुली पेटून भाकरी झालेल्या असतात. घरी सांगता येतं की मजुरी बरोबर लागते का ते शिकायला चालले, त्याला कुणी नाही म्हणत नाही. लाइट जाते, म्हणून कंदील ठेवा. आणि शाळेत ठेवा, तुमच्या अंगणात नको. शाळेत असला तर सासरे पाठवतात.